पहिल्या थेंबाआधी उभं राहून घेतलेलं बीपी

मधुमेहाला बारा-पंधरा वर्षं झालेला माणूस समोर बसतो आणि सांगतो, "पाय जळून राहिले जी. रात्री चादर लागली तरी सहन होत नाही." पिशवीतून प्रेगाबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन या नसांच्या दुखण्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या निघतात आणि सगळ्यात शेवटी ड्रॉपरची तपकिरी काचेची छोटी बाटली. लेबलवर 'विजया' लिहिलेलं, म्हणजे भांगेचं औषधी तेल. "हे सुरू करू का?" नागपुरात नसांच्या दुखण्याच्या ओपीडीत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. उत्तर द्यायच्या आधी आम्ही त्यांना टेबलावर आडवं व्हायला सांगतो. तेल पायासाठी घेतलं तरी त्याचा भार आधी हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर येतो. ज्या साखरेनं पायाचे मज्जातंतू गेले, तिनंच हृदयाकडं जाणारे मज्जातंतूही पोखरलेले असू शकतात. हे बसून घेतलेल्या बीपीत कळत नाही, साध्या ईसीजीतही बहुधा कळत नाही. माणूस उभा राहिला की कळतं.

भांगेच्या झाडातली दोन द्रव्यं इथं कामाची आहेत, टीएचसी आणि सीबीडी. नाडी पळवतं ते टीएचसी. धूर ओढला तर काही मिनिटांत नाडी २० टक्क्यांपासून थेट दुपटीपर्यंत वाढू शकते आणि दोन-तीन तास वरच राहते. त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात. डोळे लाल होतात तेही त्यामुळंच. आडवं असताना बीपी किंचित वाढतं आणि उभं राहिलं की घसरतं. धडधाकट शरीर नाडी आणखी वाढवून आणि पायातल्या रक्तवाहिन्या आवळून ही घसरण भरून काढतं. हा हुकूम पोचवणाऱ्या तारा तुटल्या असतील, तर घसरण भरून निघत नाही आणि माणूस संडासाच्या दारात कोसळतो.

दुसरी भानगड छातीच्या दुखण्याची. नाडी वाढली की हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो, आणि विडी-चिलमीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड नेमका तोच कमी करतो. १९७४ साली अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्या, दहा रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, गांजाची एक सिगारेट ओढल्यावर व्यायाम करताना छातीत दुखू लागेपर्यंतचा वेळ ४८ टक्क्यांनी घटला. टीएचसी काढून टाकलेल्या सिगारेटनं तो जेमतेम ९ टक्क्यांनी घटला होता. २००१ साली, हार्ट अटॅक आलेल्या ३,८०० हून जास्त रुग्णांच्या अभ्यासात, ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात अटॅकचा धोका जवळपास पाचपट दिसला. हे दोन्ही आकडे धुराचे आहेत, तेलाचे नाहीत. पण मधुमेहींना अंजायनाचं दुखणं कित्येकदा जाणवतच नाही, तिथलेही मज्जातंतू बधिर झालेले असतात. म्हणून त्यांना आम्ही "छातीत दुखलं तर या" एवढंच सांगून सोडत नाही. अचानक घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दाटल्यासारखं, दोन पायऱ्यांत लागलेली धाप, कारण नसताना आलेला गळाठा, हे सगळं छातीचंच दुखणं समजायचं.

आता तपासणी. सकाळी बोलावतो. नागपुरात एक गोष्ट मुद्दाम विचारावी लागते, ती म्हणजे तंबाखू-सुपारीचा खर्रा. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, आणि गालात खर्रा असतो. त्यातल्या निकोटिननं नाडी आणि बीपी दोन्ही चढतात, मूळची घसरण झाकली जाते. त्या दिवशी उठल्यापासून खर्रा नाही, चहा नाही. साखरेच्या गोळ्या घेत असतील तर उपाशी राहायचं नाही, हलका नाश्ता करून यायचं. बीपीच्या गोळ्या रोजच्यासारख्याच घ्यायच्या आणि किती वाजता घेतल्या ते लिहून आणायचं. आम्हाला गोळ्यांवर असलेलं शरीर पाहायचं असतं, कारण तेल त्याच शरीरात जाणार आहे.

पाच मिनिटं सरळ आडवं. मग बीपी आणि नाडी. नाडी मशीनवर सोडायची नाही, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायची. ठोके अनियमित असतील तर मशीनला ते नीट कळत नाहीत. मग उभं करायचं. एका मिनिटाला एक रीडिंग, तीन मिनिटांना दुसरं, आणि आम्ही पाच मिनिटांनाही घेतो, कारण काहींची घसरण उशिरा येते. मागं एक माणूस उभा, टेबलालगत खुर्ची. वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं उतरलं तर घसरण आहे असं धरतात.

सगळ्यात जास्त चूक हाताच्या जागेत होते. उभं केल्यावर पेशंटचा हात बाजूला लोंबकळत असतो आणि तसंच रीडिंग घेतलं जातं. पट्टा हृदयाच्या पातळीखाली गेला की दर सेंटिमीटरला साधारण पाऊण मिलिमीटर बीपी खोटं वाढून दिसतं. पट्टा १५ सेंटिमीटर खाली असेल तर ११-१२ मिलिमीटरची घसरण तिथंच गायब. आडवं असताना हात आपोआप हृदयाच्या पातळीला असतो, उभं राहिल्यावर नसतो. त्यामुळं नेमका ज्याला धोका आहे तोच 'नॉर्मल' होऊन घरी जातो. नर्सनं कोपराखाली आपला हात देऊन पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला धरायचा, आणि पेशंटनं हात सैल सोडायचा. त्यानं स्वतः हात उचलून धरला तर स्नायू ताणले जातात आणि बीपी चढतं. मशीनला पट्टा फुगवून वाचायला अर्धं मिनिट लागतं, तेव्हा बटण एक मिनिट भरायच्या आधीच दाबायचं, भरल्यावर नाही.

आकडे कसे वाचायचे ते पाहा. आडवं असताना १४८/८६, नाडी ९२. तीन मिनिटं उभं राहिल्यावर १२२/७६, नाडी ९५. बीपी २६ नं पडलं आणि नाडी फक्त ३ नं वाढली. बीपीच्या दर मिलिमीटर घसरणीला नाडी निदान अर्ध्या ठोक्यानं तरी वाढायला हवी. म्हणजे इथं १३ च्या आसपास. ३ चा अर्थ हृदयाच्या तारा कामातून गेल्यात. हेच बीपी अंगातलं पाणी कमी झाल्यानं पडलं असतं तर नाडी ११५-१२० ला गेली असती. पाणी कमी असेल तर पाणी पाजून प्रश्न मिटतो. तारा गेल्या असतील तर त्या माणसाला टीएचसी देणं म्हणजे ब्रेक नसलेली गाडी उतारावर सोडणं. इथं आणखी एक फसगत आहे. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ ठेवणारी गोळी, घेणाऱ्याची नाडी तशीही वाढत नाही. म्हणून गोळ्यांची यादी शेजारी ठेवूनच हा हिशोब करायचा.

ईसीजी काढतोच, पण नुसत्या बारा लीडवर, म्हणजे नेहमीच्या बारा आलेखांवर, थांबत नाही. त्यातल्या लीड दोनची लांब पट्टी चालू ठेवून पेशंटला पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असं एक मिनिट करायला सांगतो. श्वास घेताना नाडी वाढायला हवी, सोडताना कमी व्हायला हवी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर चालतो, तेव्हा १,५०० ला दोन ठोक्यांमधल्या छोट्या चौकोनांच्या संख्येनं भागलं की नाडी मिळते. २० चौकोन म्हणजे ७५, १६ चौकोन म्हणजे जवळपास ९४. सहाही श्वासांचा फरक काढून सरासरी घ्यायची. १५ किंवा जास्त असेल तर ठीक, १० किंवा कमी म्हणजे गडबड. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लयच वेडीवाकडी, असेल तर ही पट्टी काढण्यात अर्थ नाही. खर्च कागदाचा, वेळ एक मिनिटाचा. आणि तरीही ही तपासणी फारशी कुठं होत नाही याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

बारा लीडमध्ये पाहायचं ते जुन्या, न कळलेल्या अटॅकच्या क्यू लाटा, ठोक्यांची लय आणि क्यूटीसी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा, नाडीनुसार दुरुस्त केलेला वेळ. अ‍ॅमिट्रिप्टिलिन घेणाऱ्याचा क्यूटीसी आम्ही स्वतः मोजतो. नाडी ९० च्या वर असेल तर मशीनचं बॅझेट सूत्र आकडा फुगवून दाखवतं, तेव्हा फ्रिडेरिशिया सूत्रानं काढायचा. ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर तेलाचा विषय तिथंच बंद, आधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमकडं पाहायचं.

औषधांची यादी म्हणजे पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतायच्या. तोंडी सांगितलेल्या यादीत प्रोस्टेटची गोळी हमखास सुटते, आणि टॅम्सुलोसिनसारख्या गोळीनं उभं राहताना बीपी पडतंच. अ‍ॅमिट्रिप्टिलिन नाडीही वाढवतं आणि उभ्याचं बीपीही पाडतं. त्यावर टीएचसी चढलं की दोन्ही एकाच दिशेला ओढतात. ड्युलोक्सेटिननं बीपी थोडं चढू शकतं. प्रेगाबालिननं चक्कर येते, पायावर सूज येते. सीबीडी निरुपद्रवी म्हणून विकलं जातं, पण ते यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम) अडवतं. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल चालू असेल तर रक्त नको तितकं पातळ होऊ शकतं. तेल सुरू केल्यावर आठवड्यानं आणि डोसच्या प्रत्येक वाढीनंतर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी, करायची. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलचं उलटं आहे. ते शरीरात गेल्यावर सीवायपी २सी१९ या विकरानं कामाला लागतं, आणि सीबीडी नेमकं त्यालाच अडवतं. स्टेंट घातलेल्या माणसाला हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय चालू करायचं नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

सुरुवातीलाच ज्यांना नाही म्हणतो ते हे: नुकताच अटॅक येऊन गेलेले, अंजायना वाढत चाललेले, लय बिघडलेली असून ताब्यात नसलेले, हृदय फार अशक्त झालेले, गरोदर बाया, आणि स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेले.

बाटलीबद्दल थोडं. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ सालचा. त्यात राळ म्हणजे चरस आणि फुलोरा म्हणजे गांजा येतो. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांपासूनची औषधं आयुर्वेदिक परवान्यावर बनतात. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे, त्यामुळं 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' हा इशारा लेबलवर लागतो. प्रिस्क्रिप्शन नोंदणीकृत आयुर्वेदिक वैद्यांचं. आमचा आग्रह असतो की त्यांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांची चिठ्ठी पाहिलेली असावी. नागपुरातल्या नागपुरात, सक्करदऱ्याहून धंतोलीला, पेशंट येतो, पण कागद बहुतेक वेळा येत नाही.

लेबलवरचा 'विजया अर्क अमुक मिलिग्रॅम' हा टीएचसीचा आकडा नसतो. अर्कात टीएचसी किती, सीबीडी किती, हे त्या बॅचच्या लॅब रिपोर्टवर असतं. रिपोर्ट मिळत नसेल तर डोस ठरवता येत नाही, आणि आम्ही अंदाजानं ठरवत नाही. समजा ३० मिलीत ६०० मिलिग्रॅम टीएचसी आहे. म्हणजे एका मिलीत २०, आणि १ मिलिग्रॅम म्हणजे ०.०५ मिली. ड्रॉपरनं थेंब मोजू नका: तेलाचा थेंब ड्रॉपरच्या तोंडावर, ते किती तिरपं धरलं त्यावर आणि खोलीच्या गरमीवर बदलतो. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज घ्यायची, तिच्यावर शंभराव्या भागाच्या रेषा असतात. घरात इन्सुलिनची सिरिंज असते म्हणून तीच वापरू नये. तिच्यावरच्या रेषा युनिटच्या, त्यातही ४० ची आणि १०० ची वेगळी, आणि रात्रीच्या उजेडात दोन्ही औषधांची अदलाबदल व्हायला एक क्षण पुरतो.

पहिला डोस १ मिलिग्रॅम टीएचसी, रात्री जेवणानंतर, घरात दुसरं कुणी जागं असताना. हृदयाचा काहीच प्रश्न नसलेल्यांना २.५ नं सुरुवात करतात, पण तशी माणसं या ओपीडीत थोडी. त्याच आठवड्यात बीपीची नवी गोळी सुरू करायची नाही, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. घेण्याआधी, मग एक, दोन आणि तीन तासांनी नाडी आणि बीपी, आडवं आणि उभं दोन्ही. पोटातून घेतलेलं तेल लागायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, त्याचा जोर दोन ते चार तासांवर येतो. सगळ्यात मोठी चूक याच फटीत होते. पाऊण तासानं "काहीच झालं नाही" म्हणून पुन्हा घेतलं जातं, आणि रात्री एकच्या सुमारास दोन्ही डोस एकदम अंगावर येतात: नाडी १३०, तोंड कोरडं, छातीत धडधड, मरतो की काय अशी भीती. त्या रात्री दुसरा डोस नाही, कुठल्याही कारणानं नाही.

जेवणही रोज सारखंच लागतं. टीएचसी-सीबीडी तेलात विरघळतात, चरबीच्या जेवणाबरोबर रक्तात कितीतरी जास्त जातात. सीबीडी तर चौपट-पाचपटसुद्धा. वरणभातावर सोसलेला डोस सावजी रस्सा खाल्ल्यावर, वर तर्री तरंगत असताना, दुसराच डोस होतो. तीच गोष्ट महाशिवरात्रीच्या आणि होळीच्या भांगेची. तिच्यात टीएचसी किती, कुणालाच माहीत नसतं, आणि चालू डोसवर ती चढली तर आमचे सगळे आकडे निरुपयोगी होतात.

डोस आठवड्याला १ मिलिग्रॅमनं वाढवतो आणि प्रत्येक वाढीआधी उभ्याचं बीपी. तज्ज्ञांच्या सहमतीत दिवसाला ४० पर्यंतचा आकडा आहे. हृदयाचा इतिहास असलेल्यांमध्ये आम्ही १० च्या पुढं जात नाही. नाडी वाढण्याची शरीराला काही दिवसांत सवय होते. ही सवय औषध बंद ठेवलं की जाते. गावाला जाताना बाटली घरी राहिली, दहा दिवस खंड पडला, आणि परतल्यावर जुनाच डोस घेतला, तर पहिल्या रात्रीसारखंच होतं. आठवडाभर खंड पडला की पुन्हा १ पासून.

नागपूरच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. पारा ४५ च्या वर असतो, घाम जातो, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी. मार्चमध्ये १२ नं पडणारं बीपी मे महिन्यात ३० नं पडू शकतं. म्हणून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात, नवीन सुरुवात नाही, चालू असलेला डोस वाढवणं नाही, आणि एप्रिलच्या शेवटी सगळ्यांचं उभ्याचं बीपी पुन्हा. उन्हातून आलेल्या पेशंटला वीस मिनिटं कूलरजवळ बसवून, पाणी देऊन मगच पट्टा बांधायचा.

आराम किती मिळेल हे आधीच स्पष्ट सांगतो. नसांच्या दुखण्यावरच्या अभ्यासांचा २०१८ चा कोक्रेन या संशोधन-संस्थेचा आढावा म्हणतो की भांगेच्या औषधांवर निम्म्यानं दुखणं कमी झालेले १०० पैकी २१ जण होते आणि खोट्या औषधावर १७. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणारी संस्था नाइस तर जुनाट दुखण्यासाठी टीएचसीची औषधं देऊच नका म्हणतं. डेन्मार्कमध्ये जुनाट दुखण्यासाठी डॉक्टरांनीच भांगेची औषधं लिहून दिलेल्या ५,००० हून जास्त लोकांचा अभ्यास २०२४ साली आला. १८० दिवसांत नव्यानं लय बिघडण्याचं प्रमाण त्यांच्यात ०.८ टक्के, न घेणाऱ्यांत ०.४ टक्के, अटॅकमध्ये लक्षणीय फरक नव्हता. हा पाहणीचा अभ्यास आहे, कारण सिद्ध करणारा नव्हे, पण दुप्पट हा आकडा नजरेआड करण्यासारखा नाही. म्हणून घरी रोज सकाळी मनगटावर पूर्ण मिनिटभर नाडी मोजायला शिकवतो आणि वहीत आकड्याशेजारी 'सरळ' किंवा 'वेडीवाकडी' एवढंच लिहायला लावतो. विसावलेली नाडी १२० च्या वर, वेडीवाकडी लय, शुद्ध हरपणं किंवा वर सांगितलेली छातीची लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन. आणि तिथल्या डॉक्टरांना बाटलीबद्दल सांगायचं. लोक लाजतात, लपवतात, आणि उपचार भलतीकडं जातात. तीन महिन्यांत दुखणं ३० टक्क्यांनीही उतरलं नसेल, तर आम्ही ते कमी करत बंद करतो.

उभं राहताना ज्यांचं बीपी घसरलं त्यांना तेल मिळत नाही, पण त्यांना रिकाम्या हातानं पाठवत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमी करता येतं का ते पाहतो, प्रोस्टेटच्या गोळीबद्दल तिथल्या डॉक्टरांशी बोलतो, जळजळीच्या जागी लिडोकेनचा पॅच किंवा कॅप्सेसिनचं मलम देऊन पाहतो. त्यांचा भार हृदयावर जवळजवळ येत नाही. हृदय-किडनीला पाणी कमी पिण्याचं बंधन नसेल तर सकाळी उठायच्या आधी पलंगावरच अर्धा लिटर पाणी हळूहळू प्यायचं. त्यानं पाऊण-एक तास बीपी टिकतं. रात्री उठताना दिवा लावून, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली एक-एक वीट, जेणेकरून डोकं चार-सहा इंच वर राहील. नुसत्या जास्तीच्या उश्या चालत नाहीत, त्यानं मान मोडते आणि धड सपाटच राहतं. दोन आठवड्यांनी पुन्हा आडवं, पुन्हा उभं, आणि या वेळीही नर्सचा हात कोपराखाली.